‘चहाबिहा’चे व्याकरण

कोल्हापुरी बोलीचा विषय निघाला की चर्चा ‘नादखुळा’पाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. तो शब्द चवदार आहेच. पण या बोलीतील, किंबहुना साऱ्या मराठीतील, शब्दनिर्मितीचा खरा खेळ मला अन्यत्र दिसतो. ‘चहाबिहा घेऊन जा’, ‘पोरगं तालमीबिलमीत जातं का?’, ‘मोबाईलबिबाईल नको’ असे आपण दिवसभर बोलत असतो. यांतील उत्तरार्ध कोशात शोधून सापडणार नाही. बोलणारा तो ऐनवेळी घडवतो आणि ऐकणाऱ्याला तो तत्काळ कळतो.

शालेय व्याकरण अशा शब्दांना ‘अंशाभ्यस्त’ म्हणते आणि ‘दगडबिगड’ला ‘गोडधोड’, ‘शेजारीपाजारी’ यांच्या पंक्तीला बसवते. ही पंगत मला मान्य नाही. ‘गोडधोड’ हा परंपरेने तयार मिळालेला शब्द आहे. त्याच्या धर्तीवर ‘तिखटधिखट’ म्हणून पाहा, कोणी ओळखणार नाही. ‘बि’चे तसे नाही. शब्दाचे पहिले अक्षर काढावे, तेथे ‘बि’ ठेवावा, उरलेला भाग तसाच राहू द्यावा : पुस्तकबिस्तक, प्रेमबिम, अभ्यासबिभ्यास. काल आलेला इंग्रजी शब्दही या नियमातून सुटत नाही. एक साठा आहे, दुसरा साचा.

कागल ओलांडून निपाणीकडे गेलात, तर कन्नडमध्ये याच जागी ‘गि’ भेटतो : ‘ऊटा-गीटा’, म्हणजे आपले जेवणबिवण. हिंदीत ‘चाय-वाय’. पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिडिश भाषेतून अमेरिकेतील इंग्रजीत गेलेला ‘श्म’ हा यांचा दूरचा सोबती : ‘फॅन्सी-श्मॅन्सी’. (ज्यू म्हटल्यावर आपल्याला कोकणातील बेने इस्रायल आठवतील, पण त्यांची भाषा मराठी, यिडिश नव्हे.) मात्र ‘श्म’ बहुतेक वेळा नाक मुरडण्यासाठीच येतो. आपला ‘बि’ अधिक मोकळा. ‘जेवणबिवण झालं का?’ यात आपुलकी आहे. ‘नियमबियम मला सांगू नका’ यात तुच्छता. घडण तीच, भाव मात्र प्रसंग ठरवतो.

तरीही स्वाध्याय लिहिताना आपण असे शब्द ‘अशुद्ध’ म्हणून खोडता. परीक्षेच्या उत्तरात ते न वापरणे योग्यच; पण तो औचित्याचा प्रश्न झाला. जो शब्द कोणी न शिकवता सर्वजण एकाच नियमाने घडवतात, त्याला अशुद्ध कोणत्या आधारावर म्हणावे? नोकरी आणि घर सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या प्रौढ विद्यार्थ्याला स्वतःची बोली हाच दोष वाटू लागला, तर त्याची जबाबदारी त्याच्यावर नाही, आम्हा शिकवणाऱ्यांवर आहे.

एक प्रश्न मुद्दाम उघडा ठेवतो. ‘श्म’ने सुरू होणारा शब्द आला की ‘श्म’वाल्यांची पंचाईत होते. आपल्याकडेही ‘बिस्कीट’, ‘बिल’, ‘बिछाना’ यांची सुरुवातच ‘बि’ने होते, नियम लावला तर शब्द जसाच्या तसा परत येतो. अशा वेळी आपल्या घरी, गल्लीत, कामाच्या ठिकाणी लोक काय म्हणतात, ते नीट ऐका आणि स्वाध्यायाबरोबर लिहून पाठवा.