रात्रीच्या गारव्याचा जमाखर्च

जळगाव-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा घरातील वृद्धांच्या खोलीत एसी ही चैन राहत नाही. शेतावरच्या घरी वीजजोडणी नसेल, तर सौर पॅनेल व बॅटऱ्यांचा विचार सुरू होतो आणि दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो : दीड टनाला किती केव्हीएचा इन्व्हर्टर लागेल? प्रश्न अर्धाच आहे. एका वेळी किती वीज ओढली जाते यावर इन्व्हर्टर ठरतो; ती किती तास ओढली जाते यावर बॅटऱ्या ठरतात. खरी रक्कम गुंतते ती बॅटऱ्यांत.

‘इन्व्हर्टर एसी’ या नावानेही घोटाळा होतो. असा एसी घरच्या इन्व्हर्टरवर चालतोच असे नव्हे. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. मात्र हा गुण येथे मोलाचा आहे. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो आणि केवळ त्या क्षणासाठी मोठा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. नव्या पद्धतीचा दीड टनी एसी पूर्ण भाराला सुमारे १.६ किलोवॅट घेतो. पंखे, दिवे, फ्रिज धरून २.२ किलोवॅट झाले, तर शुद्ध साइन वेव्हचा ३.५ केव्हीएचा इन्व्हर्टर पुरतो. तो ४८ व्होल्टचा असावा. १२ व्होल्टवर एवढ्या भाराला १८० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो आणि तारा तापतात.

आता रात्रीचा हिशेब. खोली गार झाल्यावर एसी सरासरी ८०० वॅट घेतो असे धरले, तर आठ तासांत ६.४ युनिट होतात. इन्व्हर्टरमधील घट धरता सुमारे ७. दीडशे अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट असतात. पण शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिती केली, तर ती लवकर निकामी होते. म्हणजे हाती उरतात ०.९ युनिट, आणि बॅटऱ्या लागतात आठ. चारांत भागवणारा व्यापारी पहिल्या खरेदीत वाचवतो ते दुसऱ्या खरेदीत भरतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. तेथे ९ युनिटांची क्षमता पुरेशी ठरते. किंमत जड वाटली, तरी रोजच्या वापराच्या घरी तीच अधिक किफायतशीर. शिसे-आम्लाच्याच घ्यायच्या असतील, तर त्यांतून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून त्या निजायच्या खोलीत न ठेवता हवेशीर जागी ठेवाव्यात.

त्या रोज भरून निघायलाही हव्यात. स्वच्छ उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सुमारे ४ युनिट देते. भरताना होणारी घट पाहता एकट्या एसीसाठी सव्वादोन ते अडीच किलोवॅटची पॅनेल लागतात. पावसाळ्यात उत्पन्न बरेच घटते, पण तेव्हा एसीची गरजही ओसरते. हा योग सोयीचा आहे.

खरेदीपूर्वी खोलीकडे मात्र अवश्य पाहावे. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो. त्यावर पांढरा उष्णतारोधक लेप दिला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली केली, तर एसीचा भार पहिल्या तासापासून उतरतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते तापमानाचा एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २४ ऐवजी २६ अंश व सोबत पंखा एवढे केले, तरी आठांतील जवळजवळ एक बॅटरी वाचते.