झेंडे अनेक, तिजोरी एक

१/ युरोपातील आइस हॉकीविषयी एक वाक्य आता इतिहासासारखे उद्धृत होऊ लागले आहे: २०२२ च्या युद्धाने एक सुंदर बहुराष्ट्रीय लीग मोडली, खेळात राजकारण शिरले आणि खेळ हरला. वाक्य हळवे आहे, पण इतिहास म्हणून खोटे आहे. कॉन्टिनेंटल हॉकी लीगमध्ये, म्हणजे केएचएलमध्ये, राजकारण बाहेरून शिरलेच नाही. ते पायाच्या दगडातच होते. त्याचे पुरावे पुढे क्रमाने दिले आहेत. (थ्रेड)

२/ आधी घटना. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. दुसऱ्याच दिवशी हेलसिंकीच्या योकेरित क्लबने बाद फेरीतून माघार घेतली. २७ तारखेला लाटव्हियाचा दिनामो रिगा बाहेर पडला. पुढच्या हंगामात २२ संघ उरले: १९ रशियाचे, आणि बेलारूस, कझाकस्तान व चीन यांचा प्रत्येकी एक. त्यातला चिनी संघही मुक्कामाला मॉस्कोजवळच्या मितिश्ची येथे होता. युरोपीय महासंघातील एकाही देशाचा क्लब राहिला नाही.

३/ साऱ्या युरोपला एका बर्फावर आणण्याचे स्वप्न मात्र जुने आहे. १९६५ पासून देशोदेशींच्या विजेत्या क्लबांचा युरोपीय चषक होत असे. मॉस्कोच्या सीएसकेएने, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या क्लबने, तो २० वेळा जिंकला. पण मोजक्या सामन्यांचा चषक वेगळा आणि हंगामभर चालणारी लीग वेगळी. लीगला रोजचे प्रतिस्पर्धी लागतात, आणि रोज तिकीट काढणारा प्रेक्षक लागतो.

४/ पैशाच्या बळावर हे स्वप्न उतरवण्याचा एक प्रयोग १९७३-७४ मध्ये झाला. डेट्रॉइट रेड विंग्जचे मालक ब्रूस नॉरिस यांनी ‘लंडन लायन्स’ नावाचा संघ उभा केला आणि वेम्बलीत उतरवला. भावी युरोपीय लीगचे ते बीज ठरावे, ही अपेक्षा होती. संघ एक हंगाम मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि विसर्जित झाला. लीग काही उगवली नाही. मालक होता, पैसा होता, शेजार नव्हता.

५/ याच काळात एक खरीखुरी बहुराष्ट्रीय लीग अस्तित्वात होती, पण तिला कोणी तसे म्हणत नसे. सोव्हिएत लीगमध्ये मॉस्कोबरोबर रिगा, मिन्स्क, कीव्ह आणि कझाकस्तानातील उस्त-कामेनोगोर्स्क येथील संघ खेळत. दिनामो रिगा १९८८ मध्ये उपविजेता ठरला होता. १९९१ मध्ये संघराज्य विरघळले; त्या लीगचा सांगाडा आणखी काही वर्षे आंतरराज्य स्पर्धेच्या रूपाने टिकला आणि १९९६ मध्ये तोही संपला.

६/ आता २००८ कडे यावे. केएचएलचा पहिला सामना २ सप्टेंबर २००८ रोजी झाला. संघ २४, पैकी २१ रशियाचे. उरलेले तीन परदेशी झेंडे कोणते? मिन्स्क, रिगा आणि कझाकस्तानची राजधानी अस्ताना. नावात ‘कॉन्टिनेंटल’, म्हणजे खंडव्यापी, हा शब्द होता, पण नकाशा मोडलेल्या संघराज्याचा होता. युरोपीय विस्ताराची सुरुवात जुन्या घराच्या डागडुजीने झाली.

७/ हे घर कोण चालवत होते? पहिले अध्यक्ष अलेक्झांडर मेदवेदेव हे गाझप्रोम या सरकारी वायूकंपनीच्या व्यवस्थापन मंडळाचे उपाध्यक्ष होते. संचालक मंडळाचे पहिले प्रमुख व्याचेस्लाव फेतिसोव हे महान बचावपटू खरेच, पण त्याच वर्षापर्यंत ते देशाच्या क्रीडाखात्याचेही प्रमुख होते. २०१४ मध्ये मेदवेदेव यांच्या जागी आलेले दिमित्री चेर्निशेंको २०२० मध्ये रशियाचे उपपंतप्रधान झाले. लीग आणि शासन यांच्यात भिंत नव्हती. नुसता पडदा होता.

८/ पैशाचा मार्गही तोच. सेंट पीटर्सबर्गच्या एसकेएमागे गाझप्रोम, मॉस्कोच्या सीएसकेएमागे पुढे रोसनेफ्ट, यारोस्लाव्हलच्या लोकोमोतिवमागे रशियन रेल्वे. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढला होता. लीगचा जन्म त्याच उन्हाळ्यातला. तिकिटांच्या उत्पन्नातून नव्हे, जमिनीखालून आलेल्या पैशातून ती उभी राहिली. मराठीत याला नेमका शब्द आहे: राजाश्रय.

९/ राजाश्रयाची नजर कुठे असते, याची साक्ष पहिल्याच हंगामात मिळाली. ओम्स्कच्या अवानगार्द संघाने यारोमीर यागरसारखा जगप्रसिद्ध खेळाडू आणला होता. १३ ऑक्टोबर २००८ रोजी चेखोव येथील सामन्यात त्याच संघाचा १९ वर्षांचा अलेक्सेई चेरेपानोव बाकावर कोसळला आणि मरण पावला. रुग्णवाहिका मैदान सोडून गेली होती आणि हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या यंत्राची बॅटरी उतरलेली होती. यागरच्या मानधनाला पैसे होते. बॅटरीकडे पाहायला माणूस नव्हता.

१०/ ७ सप्टेंबर २०११. नव्या हंगामातील पहिल्या सामन्यासाठी मिन्स्कला निघालेले लोकोमोतिवचे विमान यारोस्लाव्हल येथे उड्डाणातच कोसळले. ४५ पैकी ४४ जण गेले. मृतांत रशियनांबरोबर स्लोव्हाकियाचा पावोल देमित्रा, लाटव्हियाचा कार्लिस स्क्रास्तिन्श, बेलारूसचा रुस्लान सालेई, स्वीडनचा स्तेफान लिव्ह, तीन चेक खेळाडू आणि कॅनडाचे प्रशिक्षक ब्रॅड मॅक्रिमन होते. चौकशीत वैमानिकांच्या प्रशिक्षणातील गंभीर त्रुटी उघड झाल्या.

११/ ती यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. या लीगमधली खरी बहुराष्ट्रीयता खेळाडूंच्या खोलीत होती. एकमेकांच्या भाषेत विनोद शिकणाऱ्या माणसांत होती. तिचा मान राखलाच पाहिजे. आणि म्हणूनच त्या माणसांच्या सहजीवनाचे श्रेय लीगच्या मालकांना देणे अन्यायाचे आहे.

१२/ विस्ताराचा काळ यानंतरचा. २०१२ मध्ये ब्रातिस्लाव्हाचा स्लोव्हान, प्रागचा लेव्ह आणि युक्रेनचा दोनबास दोनेत्स्क. २०१३ मध्ये क्रोएशियाचा मेडवेश्चाक झाग्रेब. २०१४ मध्ये योकेरित. २०१६ मध्ये चीनचा कुनलुन रेड स्टार. झाग्रेब ज्या वर्षी आले, त्याच वर्षी व्लादिवोस्तोकही आले. दोन्ही शहरांत सरळ रेषेत आठ हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर! पाहुण्या संघाच्या सामन्याला जाणारा चाहता अशा लीगमध्ये कल्पनेतच असू शकतो.

१३/ कोण आले, यापेक्षा कोण आले नाही, हे अधिक बोलके आहे. स्वीडन, स्वित्झर्लंड आणि जर्मनी या तीन देशांतून एकही क्लब या लीगमध्ये कधी आला नाही. स्वित्झर्लंडचा एससी बर्न तर प्रेक्षकसंख्येत अनेक वर्षे युरोपात अग्रभागी होता. ज्यांच्या घरी प्रेक्षकांच्या पैशावर चूल पेटत होती, त्यांना परक्या पंगतीत बसण्याची गरज वाटली नाही.

१४/ प्रागचेच उदाहरण घ्यावे. शहरात स्पार्तासारखा जुना क्लब असताना केएचएलमध्ये गेला तो नवजात लेव्ह. हे नाव आदल्या हंगामात स्लोव्हाकियातील पोप्रादच्या संघाचे होते. दुकानाची पाटी हलवावी तसे ते देश बदलून प्रागला आले. २०१४ मध्ये लेव्हने गागारिन चषकाची अंतिम मालिका गाठली, प्रागमध्ये १७ हजारांवर प्रेक्षक जमले, आणि मॅग्निटोगोर्स्कच्या मेतालुर्गने मालिका ४-३ अशी जिंकली. त्याच उन्हाळ्यात आर्थिक कारणाने उपविजेता क्लब बंद झाला. तेव्हा प्रागवर कोणते युद्ध आले होते?

१५/ युद्ध आले होते ते दोनेत्स्कवर. मार्च २०१४ मध्ये दोनबासला बाद फेरीतील ‘घरचे’ सामने ब्रातिस्लाव्हात खेळावे लागले. मे अखेरीस त्याचे द्रुझ्बा मैदान लुटले गेले आणि जाळले गेले. द्रुझ्बा या शब्दाचा अर्थ मैत्री. दोनबास पुढच्या हंगामात लीगमध्ये नव्हता. २०२२ ला ‘अचानक आलेले संकट’ म्हणणाऱ्यांनी आठ वर्षांपूर्वीची ही राख पाहिलेलीच नाही.

१६/ दोनेत्स्क पेटत असतानाच हेलसिंकी आत येत होते. २०१३ मध्ये योकेरितचे मालक ह्यालिस हार्किमो यांनी तेथील भव्य बंदिस्त मैदान गेन्नादी तिमचेंको आणि रोटेनबर्ग बंधूंशी संबंधित कंपनीला विकले. तिमचेंको त्या वेळी केएचएलच्या संचालक मंडळाचे प्रमुख होते. २० मार्च २०१४ रोजी अमेरिकेने तिमचेंको, अर्कादी रोटेनबर्ग आणि बोरिस रोटेनबर्ग या तिघांवर निर्बंध लादले. सहा महिन्यांनी योकेरित केएचएलमध्ये खेळू लागला. ज्यांनी करार केला, त्यांना सहीखालचे नाव दिसत नव्हते, असे म्हणता येणार नाही.

१७/ प्रतिपक्षाची बाजूही सबळ आहे. शेकडो युरोपीय खेळाडूंना उत्तम वेतन मिळाले. लाटव्हियासारख्या छोट्या देशाला तर दिनामो रिगामुळे राष्ट्रीय संघाची तालीमच लाभली. सोची २०१४ च्या उपांत्यपूर्व फेरीत लाटव्हिया कॅनडाकडून केवळ १-२ ने हरला. गोलरक्षक क्रिस्टर्स गुडलेव्हस्किसने ५५ फटके अडवले. तोही दिनामो रिगातूनच पुढे आला होता. हा लाभ खरा आहे.

१८/ पण राजाश्रयाचा लाभ आश्रिताला मिळतो, तो आश्रयदात्याचे काम होत असेपर्यंतच. २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये एनएचएलने खेळाडू सोडले नाहीत, तेव्हा सुवर्ण जिंकणाऱ्या रशियन संघातील २५ पैकी २३ खेळाडू एसकेए आणि सीएसकेए या दोनच क्लबांचे होते. गाझप्रोम आणि रोसनेफ्ट यांच्या या दोन संघांत देशाची गुणवत्ता गोळा झाली होती. रिगा, झाग्रेब किंवा ब्रातिस्लाव्हाने स्पर्धा करायची ती यांच्याशी. लीगचे पहिले प्रयोजन कोणते, हे येथे उघड होते.

१९/ मग दुसरा मार्ग होता का? होता, आणि तो आल्प्सच्या घाटांतून जात होता. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया, इटली आणि स्लोव्हेनिया यांच्या क्लबांनी आल्पेनलीग सुरू केली; ती १९९९ पर्यंत चालली. पुढे ऑस्ट्रियाच्या लीगने शेजाऱ्यांना एकेक करून दार उघडले: २००६ मध्ये स्लोव्हेनियाचा येसेनिसे, २००७ मध्ये ल्युब्लियाना आणि हंगेरीचा सेकेशफेहेरवार, २००९ मध्ये झाग्रेब, २०१३ मध्ये इटलीचा बोल्झानो.

२०/ बोल्झानोहून इन्सब्रुक सुमारे सव्वाशे किलोमीटर. बसने जावे, सामना पाहावा आणि रात्री घरी यावे. २०१४ च्या ज्या वसंतात लेव्ह अंतिम मालिका हरून संपला, त्याच वसंतात बोल्झानोने पदार्पणातच ऑस्ट्रियन लीग जिंकली; ऑस्ट्रियाबाहेरचा तो पहिला विजेता. यजमान देशाच्या लीगमध्ये पाहुणा विजेता झाला आणि लीग पुढे चालत राहिली. केएचएलमध्ये गागारिन चषक रशियाबाहेरच्या कोणत्याही क्लबने कधी जिंकलेला नाही.

२१/ आल्प्सकडची लीग निर्दोष नव्हती. येसेनिसेचा क्लब २०१२ मध्ये आर्थिक ओझ्याखाली बुडाला. ल्युब्लियानाचा २०१७ मध्ये. तिलाही पुरस्कर्ते लागतात, बँका लागतात. फरक इतकाच की एक क्लब बुडाला तर एक गाव हळहळते. एका सत्ताधीशाच्या निर्णयाने चार देशांचे क्लब रस्त्यावर येत नाहीत. लोकाश्रय गरीब असतो, पण तो एका दिवसात आटत नाही.

२२/ झाग्रेबच्या क्लबने दोन्ही घरे पाहिली. ऑस्ट्रियन लीगमध्ये असताना २०१२ मध्ये त्याने पुला येथील प्राचीन रोमन रंगभूमीत बर्फ अंथरून सामने भरवले. मग केएचएलचे आमंत्रण आले. चार हंगामांनी, २०१७ मध्ये, तो जुन्या लीगमध्ये परतला, पण घडी पुन्हा बसली नाही. २०१९ मध्ये पैशाअभावी तीही लीग सोडावी लागली. त्याच वर्षी स्लोव्हानही केएचएल सोडून स्वदेशी परतला. प्राग, झाग्रेब, ब्रातिस्लाव्हा: तिघांनीही पंगत सोडली ती २०२२ च्या आधी.

२३/ म्हणून ‘युद्धाने लीग मोडली’ हे वाक्य दुरुस्त करावे लागते. युद्धाने उरलेले दोन पाहुणे उठवले. पंगत त्याआधीच उठत आली होती, कारण जेवण एकाच कोठीतून येत होते आणि कोठीची किल्ली एकाच कमरेला होती. युद्धावर सारे खापर फोडले की कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही: मैदान विकणाऱ्या मालकाला नाही, निर्बंधांकडे डोळेझाक करणाऱ्या लीगला नाही.

२४/ ‘खेळ आणि राजकारण वेगळे ठेवा’ हा उपदेश बहुधा प्रेक्षकाला केला जातो. तो ज्यांना करायला हवा, ते संचालक मंडळात बसलेले असतात. पुढच्या वेळी कोणत्याही खेळात कोणी ‘बहुराष्ट्रीय’ लीग घेऊन आले, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने नकाशावरचे झेंडे मोजत बसू नये. दोन प्रश्न विचारावेत. तूट कोण भरतो? आणि त्याने भरणे थांबवले, तर दुसऱ्या दिवशी मैदानात किती संघ उरतील?

(समाप्त)