भडक

2023 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही सहा-सात जणी ब्रॉंक्समधल्या न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनला गेलो होतो. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, डोक्यावर टोप्या, एकूण सहलच. आणि तिथे ऐन फुलांच्या ताटव्यांमध्ये गिधाडं बसवलेली! काळी, चमकी लावलेली, उन्हात लखलखणारी. एक-दोन नाहीत, शेकडो.

"अय्या, कित्ती कलरफुल आहे सगळं!" आमच्यातली एक म्हणाली.

"आर्टिस्ट जमैकाची आहे म्हणे. मग बरोबर," दुसरी म्हणाली. "ती माणसं असतातच मजेत. समुद्र, ऊन, गाणी... इन्स्पिरेशनला काय तोटा!"

तिसरी हळूच म्हणाली, "पण जरा भडकच आहे, नाही?"

ती तिसरी मी.

त्या चित्रकर्तीचं नाव एबनी पॅटरसन. जन्म 1981, किंग्स्टनचा. आपल्याला किंग्स्टन माहीत आहे ते सबायना पार्कमुळे. 1976 साली आपले फलंदाज तिथे चेंडू अंगावर झेलत होते ते. त्यापलीकडे वेस्ट इंडीज म्हणजे क्रिकेट, बॉब मार्ले आणि नारळाची झाडं. संपली यादी. मीही त्यातलीच. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा हळूहळू लाज वाटायला लागली, आणि मग राग यायला लागला. आधी स्वतःचा, मग या 'कलरफुल' शब्दाचा.

कारण नारळाच्या झाडांचं हे चित्र तिथल्या लोकांनी काढलेलंच नाही. क्रिस्टा थॉम्प्सन या बहामाच्या कला-इतिहासकार बाईंचं 2006 चं एक पुस्तक आहे, 'अॅन आय फॉर द ट्रॉपिक्स'. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमैकात आणि बहामात पर्यटक यावेत म्हणून वसाहतीचे अधिकारी, हॉटेलवाले आणि केळी-कंपन्यांनी मुद्दाम फोटो काढून घेतले, आणि बेट 'असं' दिसतं हे जगाला शिकवलं, असं त्या दाखवतात. म्हणजे जाहिरात शंभर वर्षांपूर्वीची, आणि आम्ही पुऱ्या खाता खाता तीच म्हणून दाखवत होतो. आणि अशा बेटावरच्या एखाद्या तरुण मुलीने ब्रश हातात घेतला की आपण तिला विचारणार, "तुझी प्रेरणा काय?" उत्तर आपल्याकडे तयारच असतं. तिने फक्त समुद्र म्हणायचं.

तर पॅटरसनबाईंची प्रेरणा काय ते सांगते.

मे 2010. किंग्स्टनच्या पश्चिम भागातल्या टिवोली गार्डन्स या गरीब वस्तीत पोलीस आणि सैन्य घुसलं. क्रिस्टोफर कोक नावाच्या एका डॉनला पकडून अमेरिकेच्या ताब्यात द्यायचं होतं. त्या कारवाईत 70 च्या आसपास नागरिक मेले. कोक तेव्हा सापडलाच नाही, तो पुढे जूनमध्ये मिळाला. पॅटरसन तेव्हा तिशीच्याही अलीकडे होती. शिक्षण झालेलं, अमेरिकेत शिकवायची नोकरी, आणि पाय किंग्स्टनमध्ये. तिने पुढे 'ऑफ 72' नावाचं काम केलं. रुमाल, आपल्याकडे पोरं डोक्याला बांधतात तसले. त्यांवर तरुण पुरुषांचे चेहरे छापलेले, आणि त्याभोवती लेस, मणी, टिकल्या, कापडी फुलं. आकडा म्हणून जे पेपरात छापलं गेलं त्याला एकेक चेहरा.

आता म्हणा, कलरफुल!

किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत अंत्ययात्रा थाटाची काढतात. सजवलेली शवपेटी, झगमगीत कपडे, गाणी. 'ब्लिंग फ्युनरल' म्हणतात. तिथलेच पांढरपेशे लोक त्याला नाकं मुरडतात, की खायला नाही आणि मेल्यावर काय हे! (ओळखीचं वाटतंय ना?) पॅटरसनचं म्हणणं नेमकं उलटं. जिवंतपणी ज्याच्याकडे कुणी वळून बघितलं नाही, तो जाताना तरी दिसल्याशिवाय जाणार नाही, यासाठी हा थाट. 2014 मध्ये तिने फुलांच्या कापडांनी, झालरींनी मढवलेल्या 50 शवपेट्या किंग्स्टनच्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत नेल्या. जमैकातला कार्निव्हल हा मुख्यतः पैसेवाल्यांचा उत्सव, महागड्या पोशाखांचा. त्या पिसांच्या आणि खड्यांच्या गर्दीतून पेट्या चालल्या, तितक्याच झगमगत. तुमची चमक ती कला आणि आमची चमक ती भडक, हे कसं काय बुवा?

हा प्रश्न मला लागला. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

आमच्या गावातल्या घराच्या मागे पत्र्याची वस्ती होती. तिथला एक मुलगा बाईकवरून गेला. एकोणीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. गॉगल, सोन्याची साखळी (कंप्युटरवर घातलेली, त्याच्याकडे कुठली साखळी), मागे ढग, चारी बाजूंनी गुलाब, आणि खाली मित्रमंडळींचे छोटे छोटे गोल फोटो. मी तेव्हा सुट्टीवर आले होते. आम्ही भावंडं गच्चीत बसून त्या फ्लेक्सवर पोट धरून हसलो होतो. चौक विद्रूप होतो म्हणून सोसायटीने अर्ज केला, त्यावर आमच्या घराचीही सही होती. एकोणीस वर्षांत त्या पोराचा फोटो पहिल्यांदाच एवढा मोठा झाला होता, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या आजोबांचा फोटो पेपरात आला होता, काळ्या चौकटीत, सेंटीमीटरचे पैसे मोजून. तो सभ्य!

मला कुणी सांगेल की अनधिकृत फ्लेक्सचं समर्थन करतेस का. नाही करत. आम्ही अनधिकृत म्हणून हसलो नव्हतो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स त्याच चौकात लागायचे, त्यांच्यावर कधी अर्ज गेला नाही.

'भडक' हा शब्द रंगाबद्दल नसतोच मुळी. तो माणसाबद्दल असतो. आणि 'कलरफुल' हा त्याचा अमेरिकेत राहून आलेला भाऊ. पहिला म्हणतो, दिसू नकोस. दुसरा म्हणतो, दिस, पण नाचताना दिस. दोन्हींत बघायचं राहूनच जातं.

आणि ती गिधाडं. जमैकात गिधाडाला 'जॉन क्रो' म्हणतात आणि ती तिथे शिवी आहे. आपल्याकडेही आहेच. घाण साफ करणाऱ्या पक्ष्याला शिवी करायची ही चाल बेटावर आणि सह्याद्रीत सारखीच. आपली गिधाडं तर गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने डोळ्यांदेखत संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोवर बहुतेक गेलेलीच होती. पॅटरसनने त्यांना चमकी लावून फुलांत बसवलं, निगा राखणारी म्हणून. मी त्यांच्यासमोर उभी राहून सेल्फी काढला. अजून आहे फोनमध्ये.

2024 मध्ये तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. मैत्रिणींच्या ग्रुपवर ती बातमी टाकली. 'अरे वा, ती कलरफुलवाली!' असं उत्तर आलं, आणि तीन टाळ्या.

तिच्या 2015 च्या 'डेड ट्रीज' प्रदर्शनात मोठाले, विणलेले पट होते. फोटो यंत्रमागावर विणून घ्यायचा आणि मग हाताने मणी-टिकल्या लावत बसायचं, अशी तिची पद्धत. विषय खून झालेल्या माणसांचे, लोक सोशल मीडियावर फिरवतात ते फोटो. पहिल्यांदा नुसती फुलंच दिसतात. मग फुलांत बूट दिसतो. मग हात. काही पट भिंतीवर न लावता जमिनीवर पसरलेले, म्हणजे मान खाली घालून बघायचं.

तो फ्लेक्स उतरवला तेव्हा त्या मुलाच्या आईने घडी घालून घरी नेला. पुढच्या जूनमध्ये घर गळायला लागलं तेव्हा त्यांनी तो पत्र्यावर अंथरला, वरून चार विटा. आमच्या गच्चीतून सरळ खाली दिसायचा. गॉगल, गुलाब, आणि गालावर साचलेलं पाणी. तो पावसाळाभर मी कपडे वाळत घालायला पुढच्या गॅलरीत जात होते.