शिवथरची घळ : बारमाही तीर्थ
महाडनजीक वरंध घाटाच्या कुशीतील शिवथरघळीस जावे ते पावसाळ्यातच, असा समज रूढ आहे. धबधबा पाहून मंडळी परततात. आम्हीही 'पायऱ्या निसरड्या आहेत' असे सांगून मातोश्रींस कित्येक वर्षे घरीच ठेविले. यंदा पौषात त्यांचा हात धरून गेलो. जलधारा क्षीण होती. समर्थांनी जेथे दासबोध सांगितला, ती हीच घळ १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढिली. आत बसून मातोश्री म्हणाल्या, "अरे, पाण्याचा घोष नाही तेच बरे, मनातले ऐकू येते." वर्षाकाळी जलप्रपात, हिवाळ्यात शांतता, वैशाखात गारवा, घळ बारमाही आहे. घरच्या वृद्धांचे दिवस मात्र तसे नाहीत.