पदवीवरचे नाव आणि पदवीमागचे शिक्षण

बी. ए.चा निकाल लागला की आपल्या खटाव तालुक्यातील घराघरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘आता पुढे कोठे? पुण्याला की कोल्हापूरला?’ प्रश्न वरवर गावाचा वाटतो. पण त्यामागे विद्यापीठांच्या प्रतिष्ठेची एक उतरंड दडलेली असते. मुंबई सर्वांत जुने म्हणून मोठे, पुणे म्हणजे विद्येचे माहेरघर, आणि आपले शिवाजी विद्यापीठ म्हणजे ‘जवळचे आहे, भागेल’, अशी ही उतरंड आहे. ती कोणी रचली आणि कशाच्या आधाराने रचली, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ज्या दुष्काळी भागात एका मुलाचा शहरातील वर्षाचा खर्च म्हणजे घरच्या साऱ्या पिकाचा पैसा, त्या भागाने तरी ही चौकशी करावयास हवी.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. एके काळी सिंधपासून धारवाडपर्यंतची महाविद्यालये त्याला जोडलेली होती. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय १८८० चे, पुण्याचे फर्ग्युसन १८८५ चे आणि सांगलीचे विलिंग्डन १९१९ चे. ही सारी प्रारंभी मुंबईचीच. यशवंतराव चव्हाण १९३८ साली राजाराम महाविद्यालयातून बी. ए. झाले, तेव्हा शिकले कोल्हापुरात आणि पदवी मिळाली मुंबई विद्यापीठाची. स्वातंत्र्यानंतर पुणे विद्यापीठ निघाले आणि सातारा जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. पुढे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले, डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले, आणि आपण कोल्हापूरचे झालो. म्हणजे एकाच जिल्ह्यातील आजोबा, वडील आणि नातू यांच्या पदव्यांवर तीन विद्यापीठांची नावे असणे सहज शक्य आहे. या तिघांच्या विद्वत्तेची प्रतवारी त्या नावांवरून करावी काय?

आजचा नकाशा पाहिला तर हा प्रकार अधिकच गमतीचा वाटतो. फलटणहून बारामतीस जाताना नीरा नदी ओलांडावी लागते. नदीच्या अलीकडचा विद्यार्थी शिवाजी विद्यापीठाचा, पलीकडचा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा. पूर्वेकडे म्हसवड सोडून माळशिरस तालुक्यात शिरलो की सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाची हद्द लागते. हे विद्यापीठ २००४ साली वेगळे झाले. त्यापूर्वी अकलूजला शिकलेल्या थोरल्या भावाची पदवी शिवाजी विद्यापीठाची, त्यानंतर शिकलेल्या धाकट्याची सोलापूरची; महाविद्यालय तेच, वर्ग तेच. सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला कोल्हापूर कितीतरी जवळ. पण त्याच्या पदवीवर नाव मुंबईचे! ही नावे जिल्ह्यांच्या सीमांवरून ठरतात, विद्येच्या खोलीवरून नव्हे.

संलग्न महाविद्यालयाच्या बाबतीत विद्यापीठ प्रामुख्याने तीन गोष्टी देते : अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी. प्रत्यक्ष शिकविणे होते ते महाविद्यालयात. त्यातही २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने या साऱ्या विद्यापीठांचा कारभार एकाच चाकोरीत आणला आहे. तेव्हा पदवीपुरते बोलायचे, तर बारामतीचा पदवीधर आणि वडूजचा पदवीधर यांच्यातील फरक विद्यापीठाचा नसून महाविद्यालयाचा, ग्रंथालयाचा आणि मुख्यत्वे स्वत:चा असतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पदवी मागतो, ती कोणत्या विद्यापीठाची हे पाहून गुण देत नाही. अध्यापकाच्या पात्रतेची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेते. पण तिचा पेपर सावंतवाडीला, नांदेडला आणि आपल्याला सारखाच असतो.

मग पुण्याची प्रतिष्ठा खोटी काय? मुळीच नाही. तथापि ती नीट वाचली पाहिजे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ ची, गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. डेक्कन कॉलेजची परंपरा त्याहूनही जुनी. पुणे विद्यापीठ जन्मले तेव्हा या संस्था तेथे उभ्या होत्या. ग्रंथ, व्याख्याने, नियतकालिके, नाटके आणि विद्वानांचा शेजार हे सारे शहर देते आणि श्रेय विद्यापीठाच्या खात्यावर जमा होते. पुण्यास जाऊन जो केवळ खोलीत बसून तयार टिपणे पाठ करतो, त्याने पुण्याचे भाडे भरले, पुणे घेतले नाही.

अलीकडे प्रतिष्ठा आकड्यांनी मोजण्याची पद्धत पडली आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत राज्य विद्यापीठांच्या गटात पुणे विद्यापीठ २०२४ साली देशात तिसरे होते. २०२५ साली ते अकरावे आले. एका वर्षात तेथील अध्यापन आठ पायऱ्यांनी घसरले असे कोणी म्हणेल काय? नॅकने २०२१ साली मुंबई आणि शिवाजी या दोन्ही विद्यापीठांना ‘ए प्लस प्लस’ हीच श्रेणी दिली. तरी लोकांच्या मनातील उतरंड तसूभर हलली नाही. उलट बाजूही पाहावी. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत घाईने आणली. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. एकशे साठ वर्षांची परंपरा त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या कामास आली नाही.

याचा अर्थ सगळी विद्यापीठे सारखीच, असे आमचे म्हणणे नाही. पदव्युत्तर शिक्षणात व संशोधनात फरक असतो आणि तो मोठा असतो. परंतु तो विद्यापीठाविद्यापीठांत असतो त्याहून अधिक विभागाविभागांत असतो. एकाच आवारात एक विभाग नांदता, तर दुसरा ओसाड असू शकतो. म्हणून प्रश्न ‘पुणे की कोल्हापूर?’ असा न विचारता असे विचारावेत : माझ्या विषयाच्या विभागात कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती? ते सध्या कशावर लिहीत आहेत? ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते? वसतिगृहात जागा मिळेल काय? काम करून शिकण्याची सोय आहे काय? या शेवटच्या प्रश्नाला सातारा जिल्ह्यात विशेष अर्थ आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र येथेच दिला. आज त्याच नावाची योजना शिवाजी विद्यापीठात चालते. गरिबाच्या मुलाच्या दृष्टीने अशी योजना हीच मानांकनातील पहिली ओळ होय.

येथे विद्यापीठाकडेही मागणे आहे. १९६२ साली चौतीस महाविद्यालये व सुमारे चौदा हजार विद्यार्थी घेऊन हे विद्यापीठ उभे राहिले, ते ग्रामीण भागातील मुलांना विद्येचे दार जवळ यावे म्हणून. दार जवळ आले. पण दारातून आत गेल्यावर शिकविणारा हवा. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा, हंगामी नेमणुका आणि उशिरा लागणारे निकाल यांनी प्रतिष्ठेला जी गळती लागते, ती कोणत्याही श्रेणीपत्राने थांबत नाही. हा दोष राज्यातील साऱ्याच विद्यापीठांचा आहे आणि त्याबद्दल शासनाला जाब विचारण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना आहे. शेजारच्या विद्यापीठाला नावे ठेवून तो सुटणार नाही.

आणि आपल्याकडे काय? मुलाखतीस गेल्यावर ‘शिवाजी विद्यापीठ’ हे शब्द हळू आवाजात उच्चारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हा कमीपणा पदवीचा नसून मनाचा आहे. विद्यापीठाचे नाव मोठे करणारे कुलगुरूंच्या दालनातच असतात असे नाही. ते वडूज, दहिवडी, आटपाडीच्या वर्गांतूनही निघतात. ज्याला पुण्यास जावयाचे आहे त्याने अवश्य जावे. पण तेथील एखाद्या प्राध्यापकासाठी, ग्रंथासाठी वा प्रयोगशाळेसाठी जावे, केवळ पाटीसाठी नव्हे. ज्याला कोल्हापूरला जावयाचे आहे त्यानेही ‘भागेल’ म्हणून जाऊ नये, निवडून जावे. आणि तोवर आपल्या ग्रंथालयातील जी पुस्तके कित्येक वर्षांत कोणी उघडली नाहीत, ती आपण उघडावीत. त्यासाठी कोणत्याही विद्यापीठाच्या शिफारसपत्राची गरज नाही.