कच्ची पानकोबी, काकडीचे लोणचे आणि आमची पथ्यपत्रिका

आपल्यापैकी बहुतेकांच्या पथ्यपत्रिकेत 'वर्ज्य' या मथळ्याखाली वांगे, बटाटा, हरभरा यांच्या पंक्तीला पानकोबी बसविलेली असते. कारण विचारले तर एका शब्दात उत्तर मिळते : वातूळ. त्याच पत्रिकेत लोणच्याचा उल्लेख बहुधा नसतो, आणि असलाच तर 'अल्प प्रमाणात चालेल' असा सौम्य असतो. कारण लोणचे दीपन, रुचिकर. पाण्डुरोगाची स्त्रीरुग्णा समोर बसली असता ही पत्रिका तशीच तिच्या हाती देणे मला योग्य वाटत नाही. याविषयी वैद्यबंधूंसमोर काही विचार मांडावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम आधुनिक आहारशास्त्राचे आकडे पाहू. १०० ग्रॅम कच्च्या पानकोबीत क जीवनसत्त्व सुमारे ३५ मिलिग्रॅम, तंतू सुमारे अडीच ग्रॅम, आणि सोडियम अवघे १८ मिलिग्रॅमच्या आसपास असते. फोलेट व के जीवनसत्त्वही तिच्यात चांगल्या प्रमाणात आहे. उलट मीठपाण्यात किंवा शिरक्यात मुरविलेल्या तेवढ्याच काकडीत क जीवनसत्त्व दोन-तीन मिलिग्रॅम, तंतू सुमारे एक ग्रॅम आणि सोडियम मात्र ८०० ते १२०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली सोडियमची दैनिक मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, ही आहे. ताज्या काकडीत सोडियम जवळजवळ नसतेच. जे येते ते सारे बरणीतले. येथे एक खुलासा आवश्यक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या पुस्तकात पानकोबीतील क जीवनसत्त्व १२४ मिलिग्रॅम दिलेले होते आणि मराठी आहारविषयक पुस्तकांतून तो आकडा अद्याप फिरतो. त्याच संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांत तो त्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. कोबीचे माहात्म्य सांगताना नवा आकडाच सांगावा. तोही पुरेसा आहे.

मात्र हा भेद केवळ खारविण्यामुळे पडत नाही. पानकोबी मिठात आंबविली तरी तिच्यातील क जीवनसत्त्व बरेचसे टिकते; १७६८ साली कॅप्टन कुक दीर्घ सागरप्रवासास निघाला तेव्हा खलाशांच्या रक्तपित्तसदृश 'स्कर्व्ही'वर उपाय म्हणून अशी आंबविलेली कोबी त्याने जहाजात भरून घेतली होती. काकडीत मुळातच हे जीवनसत्त्व अल्प, म्हणून बरणीतून निघते तेही अल्पच.

आपल्या शास्त्राला हा पदार्थ अपरिचित नाही. कंद, मूळ, फळ इत्यादी द्रव्ये स्नेह व लवणासह द्रवात मुरविली असता जे सिद्ध होते त्यास शार्ङ्गधराने 'शुक्त' म्हटले आहे. काकडीचे खारातील लोणचे हे शुक्ताचेच भावंड होय. नुसत्या मीठपाण्यात आपोआप आंबलेल्या काकडीत उपयुक्त जिवाणू असतात, हे खरे. पण बाजारातील बाटलीत काकडी शिरक्यात बुडवून उष्णतेने निर्जंतुक केलेली असते. तिच्याविषयी जिवाणूंचे गुणगान करणे म्हणजे वाळल्या विहिरीला मोट लावणे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वाशीम जिल्ह्याचा समावेश २०१८ साली नीति आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला. महाराष्ट्रातील अशा चार जिल्ह्यांपैकी हा एक, आणि आरोग्य व पोषण हा त्या योजनेचा प्रमुख विषय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के, स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. आपल्याकडे निंदणाला वा सोयाबीनच्या सोंगणीला जाणाऱ्या बाईची शिदोरी सोडून पाहावी. भाकरी, असलाच तर वरणाचा गोळा, आणि त्यावर लोणचे किंवा ठेचा. ज्वारीत व तुरीत लोह आहे. परंतु ते वनस्पतिज असल्याने आतड्यात सहजी शोषले जात नाही, धान्यातील फायटेट त्याला बांधून ठेवते. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व गेले तर शोषण लक्षणीय वाढते. म्हणजे लोह तिच्या पदरात आहे, पण गाठ सुटत नाही. (जेवणावर लगेच घेतलेला चहा ती गाठ आणखी आवळतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.) काकडीच्या लोणच्याच्या दोन फोडी या कामी निरुपयोगी आहेत. वाटीभर कच्ची पानकोबी वीसेक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देऊन ते काम करू शकते. परंतु तीच आपण वर्ज्य ठरविली.

आणि आपली संहिता काय सांगते? चरकाचार्यांनी पाण्डुरोगाच्या हेतूंत क्षार, अम्ल व लवण यांचा स्पष्ट निर्देश केला आहे. सुश्रुताच्या हेतुगणनेतही अम्ल व लवण आहेत. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण ही तीन द्रव्ये अतिमात्रेत सेवन करू नयेत असे बजावले आहे. पाण्डुरुग्णेला लोहकल्प देऊन तिच्या ताटातील लवणाम्लाची चौकशीच न करणे हे निदानपरिवर्जनाच्या तत्त्वाशी विसंगत आहे. कोणी म्हणेल, लिंबू आणि आवळाही अम्लच. परंतु चरकाने पाण्डुचिकित्सेतच धात्र्यवलेह सांगितला आहे. दोष अतियोगाचा आणि लवणाच्या संगतीचा आहे.

पानकोबी वातूळ नाही असे माझे म्हणणे नाही. शाकवर्गाचे सामान्य गुण, गुरुता, रूक्षता आणि विष्टंभ, तिच्यात आहेतच; मंदाग्नीच्या रुग्णास कच्ची कोबी दिली तर आध्मान होणारच. परंतु हे द्रव्य बृहत्त्रयीत नाही, हेही विसरू नये. 'कोबी' हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांच्यासारख्या दर्यावर्दी युरोपीयांबरोबर ही भाजी आली. अनुक्त द्रव्याविषयी अन्नपानविधीच्या शेवटी चरकाने मार्ग दाखविला आहे : जे येथे सांगितले नाही ते त्या देशीच्या लोकांच्या बोलण्यावरून जाणावे. वऱ्हाडातील गृहिणी पानकोबी बारीक चिरून, मीठ अगदी बेताचे घालून, वर जिरे-हिंगाची फोडणी आणि लिंबू देते. वातघ्न संस्कार आणखी कोणता हवा? अग्नी फारच दुर्बल असेल तर तव्यावर दोन मिनिटे वाफवून द्यावी. काही जीवनसत्त्व जाईल, सारे जाणार नाही. तासभर शिजविलेल्या भाजीत मात्र ते शोधू नये.

कोबीतील किडा मेंदूत जातो, ही भीती प्रत्येक रुग्ण बोलून दाखवितो. भीती अगदीच निराधार नाही. परंतु कोबीच्या पानावरील हिरवी अळी वेगळी. मेंदूत गाठी करतात त्या फीतकृमीच्या अळ्या. त्याची अंडी मानवी विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून व मातीतून भाजीवर येतात. नाल्याच्या पाण्यावर पिकलेली भाजी कच्ची खाऊ नये. इतर वेळी बाहेरची पाने काढून टाकून, प्रत्येक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवावे. अवटुग्रंथीच्या रुग्णांनी रोज मोठ्या प्रमाणात कच्ची कोबी खाऊ नये, आयोडीनयुक्त मीठ घेणाऱ्यास वाटीभर बाधत नाही. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्याने के जीवनसत्त्वामुळे तिचे प्रमाण एकाएकी वाढवू नये.

लोणच्यावर बहिष्कार घालावा, असे सुचवायचे नाही. अरोचकात ताटाच्या डाव्या बाजूची एक फोड औषधासारखी काम करते, आणि एका फोडीतून जाणारे मीठ निरोगी माणसास जड नाही. प्रश्न लोणचे हीच भाजी होते तेव्हाचा आहे. शिवाय आपल्या घरच्या आंब्याच्या लोणच्यात मीठ काकडीच्या लोणच्याहून पुष्कळ अधिक असते. उच्च रक्तदाबाच्या व शोथाच्या रुग्णास ते लेखी वर्ज्य करावे. काकडी ताजी मिळत असता ती बरणीत का घालावी, हेही मला उमगलेले नाही. त्रपुषाचा शीत, मूत्रल गुण लवणाच्या सहवासात शिल्लक राहत नाही.

माझ्या पत्रिकेत पाण्डुरुग्णेसाठी आता पुढीलप्रमाणे लिहिलेले असते : मार्गशीर्ष ते माघ या काळात, जेव्हा रिसोड-कारंज्याच्या आठवडी बाजारात पानकोबी स्वस्त असते, दुपारच्या भाकरीबरोबर वाटीभर कोशिंबीर, ताजी चिरलेली. चैत्रानंतर ती महाग व कोमेजलेली येते. तेव्हा वरणावर लिंबू, कैरीचा ताजा तक्कू मिठाशिवाय केवळ गूळ घालून, किंवा शेवग्याचा कोवळा पाला. चहा जेवणानंतर तासाभराने. लोणचे आठवड्यातून दोनदा, एक फोड.