मुलगी बोलली म्हणून कोणाचें काय गेलें?

पोरगी चार शब्द बोलली कीं 'हिच्या जिभेला हाड नाहीं' म्हणून आमच्या घरोघर तिला दटावतात. पण या बोलण्याला जुलमी किती भितो तें पाहा. पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यांत मलाला युसुफझाई ही पंधरा वर्षांची मुलगी शाळेचा हक्क मागत होती, म्हणून २०१२ सालीं तालिबानांनीं तिच्यावर गोळी झाडली. ती वांचली, आणखी मोठ्यानें बोलली, व २०१४ सालीं नोबेल शांतता पारितोषिकाची मानकरी झाली. शेजारच्या अफगाणिस्तानांत २०२१ सालीं त्याच नांवाच्या टोळीनें सत्ता घेऊन सहावीपुढील शाळा मुलींस बंद केल्या.

हें परक्यांचें म्हणून नाक मुरडूं नका. स्त्रीशूद्रांनीं शिकूं नये हें सांगणारे भटभिक्षुक आमच्याच गांवचे होते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेंतील मुक्ता या मांग समाजाच्या मुलीनें १८५५ सालीं 'ज्ञानोदयां'त त्यांस जाब विचारला. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं पुरुषजातीच्या पक्षपाताचा हिशेब मांडला, तेव्हां आमच्या चळवळींतलेही कांहीं कुरकुरले. जोतीरावांनीं मात्र ताराबाईंची बाजू घेतली.

आणि आज? निंदणीला हात हवा, धाकटें सांभाळायला कोणी हवें, म्हणून हुशार मुलीचें नांव हजेरीपटांतून काढण्याची पाळी आम्हां मास्तरांवर येते. नापास मुलगा शाळेंत आणि पहिली आलेली मुलगी रानांत, हा कोठला न्याय? भिक्षुकाला विचारलेला सवाल तिनें बापाला विचारला तर तो उद्धटपणा कसा? बंधूंनो, तिला बोलूं द्या, आणि उत्तर तयार ठेवा.